एकदाच विचारणारी

इस्फहानात जन्म घ्यायचा आणि माणसं बोलतात ते खरं धरायचं, हा शुद्ध आचरटपणा. फोरूग कलबासीने तो चाळीस वर्षं नेटाने केला.

लहान असताना एकदा ती आईबरोबर मावशीकडे काहीतरी पोचवायला गेली होती. ऐन जेवणाची वेळ. दारातच मावशी म्हणाली, "जेवल्याशिवाय गेलात तर माझं मेलेलं तोंड बघाल!" आई म्हणाली, "नको गं मुनीर, तुला उगीच त्रास." मावशीने आईचा हात धरून आत ओढलं, आईने चौकट धरून स्वतःला बाहेर ओढलं. आता या दोघी आणखी थोडी ओढाओढ करणार, गळ्यात गळे घालणार आणि आपापल्या घरी सुखाने जेवणार, हे दारातल्या पायपुसण्यालासुद्धा माहीत होतं. फोरूगला नव्हतं. दोघींचं आटोपल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर पोरगी बूट काढून आत जेवणाच्या चादरीपाशी मांडी ठोकून बसलेली, आणि मावशीच्या नवऱ्याला विचारतेय, "काय केलंय?"

घरात कालच्या कालवणाचा तळ होता. मावशीच्या नवऱ्याला भर उन्हात पळत जाऊन पोळीवर घातलेला बेर्यान, म्हणजे मटणाचा खिमा, विकत आणावा लागला. फोरूग मात्र पोटभर जेवली.

बाहेर पडल्यावर आईने तिच्या दंडाचा चिमटा काढला.

"पण मावशीनेच बोलावलं ना?"

"बोलावलं म्हणून काय बसायचं असतं, गाढवे?"

"मग बोलावलं कशाला?"

याला तआरोफ म्हणतात. देणाऱ्याने द्यायचं नसताना आग्रह करायचा, घेणाऱ्याने हवं असताना नको म्हणायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या मनातलं ओळखून अब्रू राखायची. सगळा देश त्यावर चालतो, पेट्रोलवर नंतर.

पुढे फोरूगचं लग्न मोडलं तेही असंच. भांडणाच्या भरात नवरा म्हणाला, "एवढं असह्य होत असेल तर जा ना!" ती गेली. तो बिचारा घर आवरून वाट बघत बसला होता म्हणे, की आता ती येईल, मग मी रुसेन, मग ती मनधरणी करील. ती तोवर वकिलाकडे पोचली होती. अशा बाईने कम्प्युटरकडे वळावं यात नवल ते काय? यंत्र हो म्हणालं की हो असतं आणि नाही म्हणालं की नाही. दारातली ओढाओढ नाही.

ती ज्या कंपनीत लागली तिथे एक यंत्र बनत होतं, नाव हमदम. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. दिसायला बोडक्या फुलदाणीसारखं; टेबलावर बसायचं, बघायचं आणि बोलायचं. घरातला चहाचा समोवार, कूलर, फ्रिजचं दार, टेलिफोन, औषधाची डबी, सगळ्यांच्या तारा त्याच्याकडे. काम एकच: माणसाला काय हवंय ते त्याच्या आधी ओळखायचं. कंपनीचा मालक तवक्कोली. त्याला सगळे 'इंजिनियर' म्हणत, अगदी त्याची बायकोसुद्धा. यंत्राने कधी विचारायचं आणि कधी गप्प बसायचं हे ठरवण्याचं काम त्याने फोरूगकडे दिलं. म्हणजे आंधळ्याच्या हाती रंगाचे डबे.

फोरूगने हमदमला सोन्यासारखा नियम घालून दिला. माणूस नको म्हणाला की नको. पुन्हा विचारून पिडायचं नाही. आणि ज्या गोष्टीला तो नको म्हणतो, ती विचारणंच बंद करायचं. नियमात खोट काढायला जागा नव्हती. दुसऱ्या एखाद्या देशात याबद्दल तिला शाल-श्रीफळ मिळालं असतं.

फोरूगची आई इफ्फत-खानम नवऱ्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. नवरोजला धाकटा भाऊ कामरान कराजहून आला. सगळ्यांसमोर, बदाम सोलता सोलता त्याने विषय काढला.

"मामान, तू आता आमच्याकडेच चल. इथे एकटी काय करतेस? उन्हाळा सरून मेहर महिना लागला की गाडी घेऊन येतो आणि तुला उचलूनच नेतो. तुझी सून रोझिता तर रोज विचारते, मामान कधी येणार म्हणून."

"तुझ्यावरून ओवाळून टाका रे मला!" इफ्फत-खानम म्हणाली. "आईला मुलाच्या घराहून जास्त काय हवं?"

फोरूगच्या घशात बदाम अडकला.

"मामान, तुला जायचंय?"

"मुलगा एवढं म्हणतोय."

"म्हणजे हो?"

"हो गं बाई, हो."

झालं. हो म्हणजे हो. फोरूगला आई जायला नको होती. दर शुक्रवारचं आईच्या हातचं जेवण, आईचे टोमणे, निघताना जबरदस्तीने हातात कोंबलेला डबा, एवढंच काय ते तिला या शहरात स्वतःचं म्हणून उरलं होतं. पण आईला जायचंय म्हटल्यावर 'जाऊ नकोस' कसं म्हणायचं? तिने एक वाट काढली.

"कामरान, आपण उन्हाळाभर तिच्याकडे हमदम ठेवू. तिला एकटीला काही कमी पडत नाही असं दिसलं, तर मग न्यायची काय गरज?"

"वा! हे बरोबर!" कामरान म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की दुसऱ्या कुणालाही संशय आला असता. "यंत्र म्हणेल तसं. आपण यंत्राच्या शब्दाबाहेर नाही."

हमदम आला. इफ्फत-खानमने त्याच्याखाली विणलेला रुमाल घातला, शेजारी पिस्त्यांची बशी ठेवली आणि समोर नीट ओढणीचा पदर सावरून बसली. परका पुरुष घरात आल्यासारखी.

"इफ्फत-खानम, चहा ठेवू का?" हमदमने विचारलं.

"नको रे बाळा, आत्ताच तर आलास. जरा टेक."

हमदमने नोंद केली: चहा नको.

"कूलर लावू का?"

"माझ्यासाठी? छे छे. मला कुठे उकडतंय?"

कूलर नको.

"बेकरीवाल्याकडून ताजी पोळी मागवू का?"

"पोळीला कोण जातंय एवढ्या उन्हात. कालची आहे थोडी."

पोळी नको.

"फोरूगला फोन लावू का?"

"कामात असेल बिचारी. तिला कशाला त्रास."

फोरूग नको.

एवढं झाल्यावर इफ्फत-खानमने हात मांडीवर ठेवले आणि हमदमने दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली. दुसऱ्यांदा विचारलं की ती 'अरे कशाला' म्हणणार होती, तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तू एवढं म्हणतोस तर अर्धा पेला'. हमदमने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरात तो ठार मुका झाला. पिस्ते मात्र ती रोज बदलत होती.

आता कुणी म्हणेल, कूलरचं बटण भिंतीवर होतं, समोवार स्वयंपाकघरात होता, बाईला हातपाय नव्हते का? होते. पण कुणासमोर 'मला उकडत नाही' म्हणायचं आणि मग त्याच्याच देखत उठून कूलर लावायचा? अब्रू म्हणून काही असतं की नाही? इफ्फत-खानम उकडून निघाली पण शब्दाला जागली. चहाची तल्लफ आली की समोरच्या सदिका-खानमकडे जाऊन प्यायची, आणि हमदमला जाताना सांगायची, "जरा तिच्या गुडघ्याची चौकशी करून येते." सदिका-खानमचे गुडघे ठणठणीत होते.

शुक्रवारी फोरूग यायची तेव्हा कूलर धो धो चालू, समोवार गात असलेला, चादरीवर ताटं आणि वर ताकासारखं दूग आणि पाकातली गोड गोशफिल. लेकीसाठी करायला लाज नव्हती. त्यामुळे फोरूगला काही दिसलं नाही. तिला दिसायचे फक्त हमदमचे निरोप: 'सर्व गरजा पूर्ण. कशाचीही मागणी नाही.' तिला वाटायचं, आपण जिंकलो. तवक्कोलीला तर उकळ्या फुटल्या. तो येईल त्या पाहुण्याला सांगे, "आमच्या फोरूग-खानमच्या मातोश्री बघा. आदर्श ग्राहक! हमदम गेल्यापासून बाईंना कशाची इच्छाच उरली नाही." हे वाक्य कशाचं लक्षण आहे हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी सदिका-खानमचा फोन आला. इफ्फत-खानम तिच्याकडे निघालेली, दोन फ्लॅटांच्या मधल्या चौकात चक्कर येऊन पडली होती.

फोरूग धावत पोचली. डॉक्टर येऊन गेला होता. उन्हाचा त्रास, पाणी कमी, खाणं कमी, बाकी काही नाही. इफ्फत-खानम सदिका-खानमच्या दिवाणावर, कूलरच्या झोताखाली पडून सरबत पीत होती. फोरूगचा जीव भांड्यात पडला आणि लगेच संताप बाहेर आला.

"उकडत होतं तर कूलर का नाही लावलास?"

"मी कशाला लावू? त्याने विचारलंच कुठे?"

"पहिल्या दिवशी विचारलं होतं! तू नको म्हणालीस. माझ्याकडे नोंद आहे."

"एकदा!" इफ्फत-खानम उठून बसली. "एकदा तर जिन्यावरून जाणारा परका माणूसही विचारतो. एकदा विचारतात ते नाही म्हणावं म्हणून. मनापासून विचारतो तो थांबतो." मग ती सदिका-खानमकडे वळून, जणू फोरूग तिथे नाहीच अशा सुरात म्हणाली, "हिचंच लेकरू ते. एकदा विचारायचं आणि पाठ फिरवायची. आईवर गेलंय."

फोरूग बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. ती रागावली होती, पण थोड्याच वेळात राग पातळ झाला आणि खाली भलतंच काही दिसायला लागलं. 'मामान, तुला जायचंय?' तिने विचारलं होतं. कितीदा? एकदाच, वर 'म्हणजे हो?' असं पोलिसासारखं. आणि पाठ फिरवली होती. आईला कराजला जायचंच नसेल तर? तिला रडू आलं. चाळीस वर्षं आपल्याला लोक निर्लज्ज म्हणतात हे तिने हसण्यावारी नेलं होतं. आपण बहिऱ्या आहोत हे तिला आज कळलं.

बरं, आता आत जाऊन पुन्हा विचारावं, तर ती वाटही बंद. चक्कर आल्याचं कळताच कामरानने फोनवर मोठमोठ्याने शपथा घेतल्या होत्या: आता तर मामानला एकटं ठेवायचंच नाही, मेहर लागला की नेणार म्हणजे नेणार. आई म्हणाली होती, "तुझी सावली माझ्यावर राहो." शंभरदा विचारलं असतं तरी ती आता शंभरदा हो म्हणाली असती. मुलाने आजारपणात दिलेला हात झिडकारणारी आई इस्फहानात अजून जन्मायची आहे.

ऑफिसात तवक्कोलीने सगळं ऐकलं आणि त्याला जोर आला.

"सोपं आहे! यंत्राला रीतभात शिकवू. माझ्या आजोबांसारखं बोलेल."

त्याने स्वतः बसून हमदमला रीतभात शिकवली. तो नवा हमदम इफ्फत-खानमकडे नेला आणि फोरूग बाजूला उभी राहून ऐकू लागली.

"इफ्फत-खानम, आपल्या पायाची धूळ होऊन विचारतो, चहा ठेवू का?"

"अरे, तू कशाला धूळ! नको."

"आपण नाही घेतलात तर या समोवारचं जिणं व्यर्थ."

"देव तुला मोठं आयुष्य देवो. तू आधी घे."

"आपल्याआधी? माझी काय बिशाद!"

"नाही नाही, तू पाहुणा."

"मी आपला चाकर."

इफ्फत-खानमच्या गालांवर लाली आली. कित्येक महिन्यांत तिला असं तोडीस तोड कुणी भेटलं नव्हतं. दोघं एकमेकांना पुढे ढकलत राहिली. ना हा चहा ठेवीना, ना ती घेईना. सदिका-खानम मधेच बघायला आली, तिलाही हमदमने आत या म्हटलं, ती नको म्हणाली आणि दारातच उभी राहिली. शेवटी फोरूगने ओरडून विचारलं, "कुणी चहा करणार आहे का या घरात?" भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली. तिने तारच उपसली.

मग तिने स्वतःच समोवार लावला. उकळी आली तशी आई म्हणाली, "कशाला गं? मला नको होता." फोरूग वैतागून म्हणाली, "बरं, मग ओतून देते." आणि किटली मोरीकडे नेली.

"ओतून देतेस?" इफ्फत-खानम चपळाईने उठली, चक्कर वगैरे सगळं विसरून. "चांगला उकळलेला चहा? वेडी की काय तू? आण इकडे!"

फोरूग किटली हातात धरून तशीच उभी राहिली. इथल्या माणसाला तआरोफपेक्षा मोठं जर काही असेल, तर ते वाया जाणं. पाहुणा उपाशी गेला तरी चालेल, पण पोळीचा तुकडा फेकला जाता कामा नये. बाकीच्या शहरांतले लोक आम्हा इस्फहानवाल्यांना चिक्कू म्हणतात, ते काही उगीच नाही. आणि दुसरं म्हणजे, जिथे आग्रह खरा असतो तिथे कुणी विचारतच नाही. आजाऱ्याला कुणी विचारतं का, सूप घेणार का? समोर आणून ठेवतात. मावशीच्या घरी तरी काय झालं होतं? मावशी विचारत होती, कारण चुलीवर काही नव्हतं.

फोरूगने हमदमचं डोकं पुन्हा उघडलं. आता तो तोंडच्या बोलण्यापेक्षा हाताकडे बघू लागला. पदराने वारा घेतला जातोय, म्हणजे कूलर. फ्रिजचं दार उघडून तसंच बंद झालं, म्हणजे पोळी. आणि विचारायचं नाही. आधी करायचं, मग सांगायचं. 'चहा झालाय, आता काय करू?' 'पोळी दारात आलीय, गार होईल.' डॉक्टर बोलावणं, दार उघडणं, घरातलं बाहेर कुणाला सांगणं, असल्या गोष्टींत मात्र जुनाच नियम ठेवला: विचारल्याशिवाय नाही, आणि नको म्हणजे नको. चहाची गोष्ट वेगळी, माणसाच्या दाराची वेगळी, हे तिने स्वतःच ठरवलं आणि त्यावर ती ठाम राहिली.

तवक्कोलीचे डोळे लकाकले. "कमाल आहे! मग असं करू, पिस्ते, गझची मिठाई, केशर, सगळं आधीच घरी मागवून ठेवू. वाया जाईल म्हटलं की म्हातारे घेणारच!"

"जरूर, इंजिनियर," फोरूग म्हणाली. "पहिलं पोतं तुमच्या मातोश्रींकडे पाठवते. पैसे तुमच्याकडून."

तो विषय तिथेच मिटला.

इफ्फत-खानम हमदमवर दिवसभर खेकसू लागली, म्हणजे खूश होती. "उधळ्या! कुणी सांगितलं होतं कूलर लावायला? आता गार झालीच आहे खोली तर राहू दे." एका संध्याकाळी ती टेलिफोनपाशी बसली, रिसीव्हर उचलला, परत ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. हमदम म्हणाला, "फोरूगला फोन लागलाय. आता ठेवलात तर ती घाबरेल."

"मेल्या! तिला कशाला त्रास?" ती म्हणाली आणि रिसीव्हर घट्ट कानाला लावला. "काही नाही गं, याने उगीचच लावला. जेवलीस का?" मग बराच वेळ बोलत राहिली. सदिका-खानमच्या सुनेबद्दल, टोमॅटोच्या भावाबद्दल, कराजच्या हवेबद्दल. "तिथे म्हणे हवा फार कोरडी," ती म्हणाली, जणू इस्फहानात समुद्र आहे. फोरूगने या वेळी काही विचारलं नाही. फोन ठेवताच तिने ठरवलं.

मेहर महिना लागला. कामरान दुपारी गाडी घेऊन येणार होता. इफ्फत-खानमची बॅग भरून दाराशी ठेवलेली, हमदमच्या खालचा रुमाल धुऊन घडी केलेला. सकाळी फोरूग आली ती वांग्यांची पोती घेऊन. भाजीवाल्याच्या पोराने ती वर आणून टाकली. मागून सिरक्याचे, म्हणजे व्हिनेगरचे, कॅन आले, लसूण आला, पुदिना आला.

"हे काय?" इफ्फत-खानम दारातच थबकली.

"लोणचं घालतेय."

"तू? तुला अंडं उकडता येत नाही."

"शिकेन." फोरूगने स्वयंपाकघराच्या फरशीवर चादर पसरली आणि वांगी चिरायला घेतली. मुद्दाम वाईट चिरायची गरज नव्हती. तिला तशीच येत होती. इफ्फत-खानम थोडा वेळ दारातून बघत राहिली. तोंडातून चक् चक् निघू लागलं. मग तिने बाह्या सरसावल्या. "सरक तिकडे! वांग्याचा खून करतेस का? आधी भाजायची असतात, मूर्ख!" कामरान आला तेव्हा घरभर भाजल्या वांग्यांचा धूर, फरशीवर पाय ठेवायला जागा नाही आणि आई कोपरापर्यंत सिरक्यात.

"मामान? निघायचं ना?"

इफ्फत-खानमने हात वर केले. "निघणारच होते रे, माझ्या राजा. बॅग बघ, भरलेली आहे. पण या तुझ्या बहिणीने हे काय करून ठेवलंय बघ! आता हे सगळं मुरायला हवं. रोज बघावं लागतं, ढवळावं लागतं. ही बघणार? सगळं वाया जाईल."

कामरानच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होताना फोरूगने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. पण मुलगा होता तो. रीतीप्रमाणे आग्रह तर करायलाच हवा.

"छे, असं कसं? बरण्या गाडीत घालू! मागची सगळी डिकी रिकामी आहे. लोणचंही येईल आणि तूही येशील."

आई खाली बघू लागली. तिला यावर बोलता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. कामरानलाही नव्हतं, बोलून बसला होता आणि घाबरून उभा होता. दोघं एकमेकांना कराजकडे ढकलत होती आणि दोघांनाही जायचं नव्हतं. आता कुणीतरी 'चला तर मग' म्हटलं असतं की संपलं असतं, आणि असं म्हणणारी या घराण्यात एकच व्यक्ती होती. डिकी रिकामी असली तर बरण्या मावतात, हे तिला दिसत होतं.

"हलवलं की सिरका नासतो," फोरूग म्हणाली.

सिरका हलवून नासत नाही. हे आईला माहीत होतं, कामरानला माहीत होतं, फोरूगला तर त्या सकाळीच कॅन हलवत आणताना कळलं होतं. तिने जन्मात पहिल्यांदा खोटं सांगितलं आणि तिचे कान लाल झाले.

"अरेरे!" कामरान म्हणाला. "नासतो का? मग तर इलाजच नाही!"

सुंठीवाचून खोकला गेला. तो गॅलरीत जाऊन रोझिताला फोन करू लागला. हळू बोलत होता, पण फोनमधला आवाज हळू नव्हता.

"नाही येत... हो, नक्की... नाही गं, खरंच नाही येत."

"अल्हमदुलिल्लाह!" फोनमधून आलं. स्वयंपाकघरापर्यंत.

कामरान आत आला, चेहरा पाडून. "रोझिताला फार वाईट वाटलं. रडतेय."

"माझी गुणाची सून," इफ्फत-खानम म्हणाली आणि वांगं सोलू लागली. मान खाली होती, पण खांदे हलत होते. फोरूगला आधी वाटलं आई रडतेय. ती हसत होती.

कामरान जेवून, लोणच्याची एक बरणी घेऊन गेला. ती बरणी हलली तरी चालणार होती.

दिवस मावळला. घर पुसून झालं. बॅग अजून दाराशी होती. फोरूगने ती उचलून आतल्या खोलीत ठेवली, आईने बघून न बघितल्यासारखं केलं. दोघींच्या हातांना सिरक्याचा वास येत होता. फोरूग बूट घालून दारात उभी राहिली.

"जा आता," इफ्फत-खानम म्हणाली. "उद्या ऑफिस आहे तुला. माझं काय, मी आता झोपेनच. मला काही नको."

फोरूगने तिच्याकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"लोणचं फार आंबट झालंय," इफ्फत-खानम पुढे म्हणाली. "तुझ्याचमुळे. आणि भातही उरलाय. पण तू जा, उशीर होईल."

फोरूग खाली वाकली, बूट काढले आणि आत जाऊन चादरीपाशी बसली.